टीव्हीचे चित्र येते कोठून?

(दर्यापूर येथील प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



दिवसभर तुम्ही शेतात राबून आला आहात. कोणी निंदण केले, कोणी डवरे हाकले. तरी पाटी-पुस्तक घेऊन तुम्ही येथे बसला आहात. म्हणून आम्ही फार वेळ घेणार नाही. एकाच वस्तूविषयी बोलणार आहोत. ती घरोघरी आहे. ती म्हणजे टीव्ही.

बटण दाबले की टीव्हीवर चित्र दिसते. पण ते येते कोठून? हे ज्याला ठाऊक नाही, तो फसतो. आणि बरे का मंडळी, फसवणारा दर वेळी लबाडच असतो असे नाही. कधी तो आमच्यासारखा शिकलेला, भला माणूसही असतो. म्हणून आधी आमचीच चूक सांगतो.

२०२२ सालची गोष्ट. आषाढ लागला होता. आमच्या शेजारी एक मावशी राहतात. एकट्याच आहेत. कापूस वेचून, निंदून पोट भरतात. त्यांच्या पुतण्याने आपला जुना टीव्ही त्यांना आणून दिला. मावशी आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, आता गुडघे चालत नाहीत. पंढरीले जानं होत नाही. टीवीवर तरी इठोबा दिसन का?"

आम्ही म्हणालो, "दिसेल की! सह्याद्री वाहिनीवर आषाढीची पूजा दाखवतात. आता ॲन्टेनावर डिजिटल चित्र येते. आम्ही पेपरात वाचले आहे. एक लहान ॲन्टेना आणि डबा घ्या, झाले."

मावशींनी हिवाळ्यात कापूस वेचून चार पैसे गाठीला बांधले होते. ती गाठ त्यांनी सोडली. शहरातल्या एका दुकानातून सामान आणले. खोक्यावर ठळक अक्षरांत 'डिजिटल' लिहिले होते. दुकानदार म्हणाला, चालेल. आम्हीही म्हणालो, चालेल. एकादशीच्या पहाटे आम्ही स्वतः ॲन्टेना लावला. इकडे फिरवला, तिकडे फिरवला. परड्यात नेला, छपरावर नेला. पडदा काळाच. त्यावर इंग्रजीत दोन शब्द तेवढे आले.

मावशींनी विचारले, "काय लिवलं हाय जी त्याच्यावर?"

आम्ही वाचून दाखवले, "लिहिले आहे, लहर नाही."

मावशी काही बोलल्या नाहीत. उठल्या, अंघोळ केली आणि भिंतीवरच्या तसबिरीला हात जोडले. आम्हांला मात्र मान वर करवेना.

मग घरी येऊन आम्ही शोध घेतला. तेव्हा आमची चूक कळली. बातमी खरी होती, पण आम्ही तिचा मथळाच वाचला होता. दूरदर्शनने २०१६ साली ॲन्टेनावर डिजिटल चित्र सुरू केले, हे खरे. पण सुरुवातीला ते १६ शहरांसाठी होते. त्यांत महाराष्ट्रातली दोन, मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर. वऱ्हाडातले एकही शहर त्या यादीत नव्हते. जेथे लहरच नाही, तेथे ॲन्टेना काय करणार? कोरड्या विहिरीत दोर सोडावा, तशातली गत.

आता ही लहर म्हणजे काय, ते पाहू.

उंच मनोऱ्यावर एक यंत्र असते. त्याला प्रक्षेपक म्हणतात. ते चित्र आणि आवाज लहरींवर चढवून चहूकडे सोडते. आपल्या छपरावरचा ॲन्टेना त्या लहरी पकडतो. या लहरी कंदिलाच्या उजेडासारख्या सरळ जातात. टेकडी आडवी आली की अडतात. शिवाय धरती गोल आहे. फार लांबच्या गावाला तो मनोरा दिसतच नाही, आणि लहरही डोक्यावरून निघून जाते. लहान प्रक्षेपकाची शक्ती १०० वॅट असे, म्हणजे जुन्या काळच्या एका मोठ्या पिवळ्या दिव्याएवढी. त्याचे चित्र दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत जाई.

आपल्या देशात टीव्ही पहिल्याने दिल्लीला आला, १५ सप्टेंबर १९५९ रोजी. मुंबईला आला २ ऑक्टोबर १९७२ रोजी. १९८२ साली चित्र रंगीत झाले. १९८४ च्या सुमारास गावोगावी लहान प्रक्षेपक उभे राहू लागले. १९८७ साली रामायण लागले. तुमच्यापैकी पिकल्या केसांच्या मंडळींना ते रविवार आठवत असतील. आख्खी आळी एका अंगणात बसे. एक पोरगा छपरावर चढून दांडा फिरवी. "दिसला का?" "नाही, मुंग्याच हायेत!" "आता?" "आला, आला! आता हलू नको!"

ती जुनी तऱ्हा. तीत लहर कमी पडली की पडद्यावर मुंग्या येत, पण मुंग्यांतूनही राम दिसे. डिजिटलची तऱ्हा निराळी आहे.

समजा, आपण कोळशाने भिंतीवर बैलाचे चित्र काढले. त्यावर पावसाचा ओघळ आला. चित्र बिघडले. आता समजा, खळ्यावर पोती मोजताना आपण भिंतीवर एकेक रेघ ओढली. ओघळाने रेघा पुसट झाल्या. तरी रेघ आहे की नाही, एवढे कळतेच. पोत्यांचा हिशेब चुकत नाही. डिजिटल चित्र असे रेघांच्या हिशेबाने येते. लहर थोडी पुसट झाली तरी चित्र लख्ख राहते. पण रेघाच धुऊन गेल्या, तर हिशेब पार बुडतो. मग चित्राचे चौकोनी तुकडे होतात, नाहीतर पडदा काळा होतो. मावशींच्या पडद्यावर मुंगीसुद्धा आली नाही, ती यामुळे.

डिजिटलचा आणखी एक फायदा आहे. सुटा कापूस गाडीत किती मावतो? थोडाच. तोच प्रेसमध्ये दाबून गाठी बांधल्या, तर त्याच गाडीत कितीतरी जास्त जातो. तसेच चित्र दाबून पाठवता येते. जुना प्रक्षेपक एका वाटेने एकच वाहिनी पाठवी. डिजिटल प्रक्षेपक त्याच वाटेने पाच वाहिन्या पाठवू लागला.

मग आपल्या गावचे काय? जुने प्रक्षेपक दूरदर्शनने हळूहळू बंद केले. २०२२ पर्यंत सरहद्दीकडचे आणि अशाच महत्त्वाच्या जागांचे सुमारे ५० ठेवून बाकीचे बंद करायचे, असे ठरले होते. आता आपल्याकडे चित्र येते ते आकाशातून, थाळीवर.

आकाशातून चित्र खेड्यात आणण्याचा पहिला मोठा प्रयोग आपल्या देशात १९७५-७६ साली झाला. सहा राज्यांतली सुमारे २,४०० खेडी त्यात होती. आपले राज्य नव्हते. तेव्हाची थाळी दहा फुटांची असे आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची असे. आता हात-दीड हाताची थाळी पुरते.

दूरदर्शनची फुकट थाळी डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तिला आज डीडी फ्री डिश म्हणतात. तिच्यासाठी जीसॅट-१५ नावाचा उपग्रह चित्र पाठवतो. तो आपल्यापासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंच आहे. धरतीच्या एका फेऱ्याला लागतो तेवढ्याच वेळात त्याचाही फेरा होतो. म्हणून तो एका जागी खिळल्यासारखा राहतो. थाळी एकदा नीट बसली की फिरवावी लागत नाही.

आता चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली. दर्यापूरहून हा उपग्रह आग्नेय दिशेला येतो. थाळीचे तोंड तिकडे हवे. त्या बाजूला कडुनिंबाचे झाड किंवा उंच भिंत आड येऊ देऊ नका. विजेच्या तारेजवळ थाळी कधीही लावू नका.

दुसरी. जोराचा पाऊस आला की चित्र तुटते. पाण्याचे थेंब लहर शोषून घेतात. पाऊस ओसरला की चित्र परत येते. उगीच थाळी हलवू नका आणि कोणाला दुरुस्तीचे पैसे देऊ नका. वीज कडाडत असेल तर मात्र टीव्हीची पिन काढून ठेवा.

तिसरी. फ्री डिशला थाळी आणि डबा विकत घ्यावा लागतो, तो एकदाच. त्यानंतर महिन्याचा एक पैसाही लागत नाही. खाजगी कंपनीच्या थाळीला पैसे भरावे लागतात. आपल्या घरी कोणती थाळी आहे, ते डब्यावर वाचा. फ्री डिश असूनही कोणी दर महिन्याला पैसे मागत असेल, तर देऊ नका.

चौथी. वस्तू आपल्या गावात चालते की नाही, ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. बिल मागा. बिलावरचा आकडा, तारीख आणि दुकानाचे नाव स्वतः वाचा.

वाचा म्हणजे पूर्ण वाचा. आम्ही मुलांना जन्मभर वाचायला शिकवले, आणि स्वतः मात्र मथळा वाचून थांबलो. न वाचणारा निदान चार ठिकाणी विचारतो. अर्धे वाचणारा कोणालाच विचारत नाही, वर दुसऱ्याला सल्ला देतो. त्याची झळ मावशींना लागली. दुकानदाराने सामान परत घेतले नाही. ते पैसे आम्ही देऊ केले, पण मावशींनी घेतले नाहीत.

त्याऐवजी त्यांनी एक गोष्ट मागितली. म्हणाल्या, "गुरुजी, पैसे राहू द्या. मले वाचाले शिकवा."

त्या हिवाळ्यात मावशी वर्गाला येऊ लागल्या. पुढच्या आषाढाच्या आधी थाळी घ्यायला निघाल्या, तेव्हा आम्ही नुसते सोबत होतो. खोके त्यांनी हातात घेतले. बोट ठेवून, अडखळत, एकेक अक्षर लावून वाचले, "फ्री... डिश." मग दुकानदाराला म्हणाल्या, "पहिले घरी लावून दाव बाप्पा, मंग पैसे घे."

त्याने लावून दाखवले. एकादशीला पहाटे आम्ही त्यांच्याकडे गेलो. घरात आळीतल्या सात-आठ बाया बसल्या होत्या. पडद्यावर पूजा चालली होती. चित्राखाली मराठी अक्षरे सरकत होती. मावशी हात जोडून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. आम्हांला वाटले, नामस्मरण चालले आहे. जवळ जाऊन ऐकले, तर मावशी ती सरकती अक्षरे वाचत होत्या.