स्वतःचें मत आणि घरची गोष्ट

स्वतःविषयीं लिहिणारा मनुष्य वाचकांपुढें दोन निरनिराळ्या वस्तु ठेवीत असतो : एक त्याचें मत व दुसरी त्याच्या घरची हकीकत. मत सर्वस्वीं त्याच्या मालकीचें असतें. हकीकत मात्र सामाईक असते. हा भेद ध्यानांत न राहिल्यामुळें कांहीं लेखक आप्तांस निष्कारण दुःख देतात, तर कांहीं निष्कारण मुके राहतात.

प्रथम मताचा विचार करावा. गोपाळ गणेश आगरकरांनीं १८८८ सालीं ‘सुधारक’ पत्र काढलें आणि केशवपन, बालविवाह इत्यादि रूढींविषयीं आडपडदा न ठेवतां लिहिलें. पुण्यांत त्यांच्या जिवंतपणींच त्यांची प्रेतयात्रा निघाली. त्या मताची किंमत त्यांनीं स्वतः मोजली; त्यासाठीं दुसऱ्या कोणाचें गुपित खर्चीं घातलें नाहीं. ज्याला मत आहे त्यानें तें सांगावें व परिणाम सोसावा, इतका हा नियम सरळ आहे.

घरच्या हकीकतीचा नियम इतका सरळ नाहीं. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला. त्याच पुढें आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांचें ‘आत्मवृत्त’ १९१५ सालीं प्रसिद्ध झालें, आणि आनंदीबाईंचें ‘माझें पुराण’ १९४४ सालीं. घर तेंच, लोकांचा बहिष्कार तोच, संस्थेपायीं झालेली ओढाताणही तीच. पण चुलीपाशीं बसणारीला तें सारें निराळें दिसलें. खोटें दोघांपैकीं कोणीच नव्हतें. बहुतेक घरांत मात्र असें दुसरें पुस्तक कधींच लिहिलें जात नाहीं. जो लिहितो त्याचीच बाजू खरी ठरते, आणि ज्याच्याविषयीं लिहिलें तो निरुत्तर राहतो.

मग खाजगी कांहीं लिहूंच नये काय? तसा दंडक असता तर लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ मराठीला लाभलींच नसतीं. तीं १९३४ सालापासून भागशः बाहेर येऊं लागलीं, तेव्हां रेव्हरंड टिळकांना जाऊन पंधरा वर्षें झालीं होतीं. उत्तर देण्यास ते नव्हते. लक्ष्मीबाईंनीं त्यांचा संताप झांकला नाहीं कीं लहरीपणाही झांकला नाहीं. तथापि पतीला चिमटा काढतांना त्या स्वतःच्या भित्रेपणाची व अज्ञानाचीही मनमोकळी थट्टा करतात. पुस्तक मिटतांना वाचकाला दोघांविषयीं माया वाटते. घरचें सांगण्याचा अधिकार त्यांना मिळतो तो या समबुद्धीमुळें.

आज तर छापखान्याचीही वाट पाहावी लागत नाहीं. रात्रीं रागाच्या भरांत मोबाइलवर लिहिलेला मजकूर उजाडण्यापूर्वीं परगांवच्या नातलगांनीं वाचलेला असतो. मुलाचें परीक्षेंतील अपयश, सुनेचें आजारपण, भावाचें कर्ज, सारें चव्हाट्यावर येतें. आणि ज्याचें तें दुःख, त्याची संमति मात्र कोणी विचारलेली नसते. पुढें तें पुसून टाकलें तरी लोकांच्या स्मरणांतून जात नाहीं.

याला एक साधी कसोटी आहे. ज्याच्याविषयीं लिहिलें त्याला समोर बसवून तो मजकूर मोठ्यानें वाचून दाखवावा. घरच्या गोष्टीवर आवाज अडखळला तर तें वाक्य खुशाल खोडावें. स्वतःच्या मतावर अडखळला तर मात्र खोडूं नये, पुन्हां एकदां स्पष्ट आवाजांत वाचावें.