पाठीवरची पट्टी आणि दाण्याचं वावडं



दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या पाठीवर, खांद्यांच्या दोन फऱ्यांमध्ये, एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. जागा मुद्दाम अशी निवडलेली, की पोराचा हात तिथे पोचू नये. पट्टी रोज बदलायची. तिच्यात असतं शेंगदाण्यातलं प्रथिन, अवघं २५० मायक्रोग्रॅम. एका दाण्यातल्या प्रथिनाचा साधारण हजारावा भाग. आणि मूल असं, की दाण्याचा कण चुकून पोटात गेला तरी अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, कधी श्वासच कोंडतो.

ज्याचं वावडं, तेच औषध!

उसळीपासून कोशिंबिरीपर्यंत सगळ्यात दाण्याचं कूट घालणाऱ्या आपल्या घरांना याचं नवल वाटेल. पण ज्यांची नातवंडं अमेरिकेत शिकतात त्या आजीआजोबांना विचारा. तिथल्या कित्येक शाळांत डब्यातून दाण्याची चटणी न्यायला बंदी असते.

वावड्याचा पदार्थ कणाकणानं देऊन शरीराला सवय लावायची, ही युक्ती जुनी आहे. १९०८ मध्ये इंग्लंडमधल्या स्कोफिल्ड नावाच्या डॉक्टरांनी अंडं न सोसणाऱ्या एका मुलाला अंड्याचा अगदी सूक्ष्म अंश गोळ्यांतून देत देत अंडं खाण्यापर्यंत आणलं होतं. शेंगदाण्याच्या बाबतीत मात्र ही वाट बिकट ठरली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या डेन्व्हर इथल्या प्रयोगात दाण्याचा अर्क टोचून पाहिला गेला. त्यात ज्या रुग्णाला अर्क द्यायचाच नव्हता, त्याला तो चुकून टोचला गेला आणि तो दगावला. पुढे तोंडावाटे द्यायची दाण्याची भुकटी निघाली. २०२० मध्ये अमेरिकेनं तिला मंजुरी दिली. अर्ध्या मिलिग्रॅमपासून सुरुवात करून ३०० मिलिग्रॅमपर्यंत चढायचं. गुण येतो, पण पोटदुखी, तोंडाला खाज आणि अधूनमधून ॲलर्जीचा मोठा झटका हेही पदरात पडतं.

पॅरिसच्या पिएर-आंरी बेन्हामू आणि ख्रिस्तोफ द्युपों या दोन बालरोगतज्ज्ञांनी त्वचेची वाट धरली. पट्टीला सुई नाही की मलम नाही. कोरडं प्रथिन पातळ पापुद्र्यावर फवारलेलं असतं. त्वचेतून सतत बाहेर पडणारी वाफ पट्टीखाली अडकते, त्या ओलाव्यात प्रथिन विरघळतं आणि वरच्या थरात शिरतं. या थरात रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे प्रथिन थेट रक्तात मिसळत नाही. तिथे पहारा देणाऱ्या लँगरहान्स पेशी ते उचलून लसिकाग्रंथींकडे नेतात आणि रोगप्रतिकारशक्तीला हळूहळू सबुरी शिकवतात.

खरी गंमत पुढेच आहे. दाण्याची ॲलर्जी जडते तीसुद्धा बऱ्याचदा त्वचेतूनच! लंडनचे गिडिऑन लॅक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं, की बाळपणी ज्यांच्या पुरळावर शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं चोळली गेली, त्या मुलांत ही ॲलर्जी जास्त आढळते. इसबानं फाटलेल्या, सुजलेल्या कातडीतून प्रथिन शिरलं की शरीर त्याला शत्रू मानतं. धडधाकट कातडीतून शिरलं तर सोसायला शिकतं. म्हणून पट्टी लावताना निरोगी जागा शोधावी लागते.

गुण किती? १ ते ३ वर्षांच्या ३६२ मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर खरी पट्टी लावलेल्यांपैकी ६७ टक्के मुलं ठरलेल्या पातळीपर्यंत दाणे सोसू लागली. प्रथिन नसलेली नुसती पट्टी लावलेल्यांत हे प्रमाण ३३.५ टक्के होतं. ही पातळी म्हणजे, मूळची सोसण्याची ताकद पाहून, साधारण एक ते चार दाणे. एवढंसं? हो, एवढंसंच. वाटीभर चिक्की खाण्याचा हा परवाना नव्हे. वाढदिवसाच्या केकमधला चुकार कण जिवावर बेतू नये, एवढाच हिशेब. आईबापांना तोही थोडका वाटत नाही. त्रास म्हणाल तर पट्टीखाली लाली आणि खाज जवळपास सगळ्यांना. औषधामुळे मोठा झटका आला तो १.६ टक्के मुलांना, त्यामुळे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन हाताशी ठेवावंच लागतं.

मोठ्या मुलांत गाडी जरा अडली. ४ ते ११ वर्षांच्या मुलांवरच्या आधीच्या चाचणीत ३५.३ टक्क्यांना गुण आला, नुसत्या पट्टीच्या गटात १३.६ टक्क्यांना. फरक स्पष्ट होता, पण आधी आखलेल्या कसोटीला तो थोडक्यात उतरला नाही. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं पट्टीच्या मंजुरीचा अर्ज परत पाठवला, आणि कारण निघालं अगदी घरगुती: पट्टी नीट चिकटून राहत नाही! खेळत्या, घामेजलेल्या पोरांच्या पाठीवर ती टिकणार कशी? मग पट्टी बनवणाऱ्या कंपनीनं सुधारित, मोठी पट्टी बनवली आणि ४ ते ७ वर्षांच्या सहाशेहून जास्त मुलांवर नवी चाचणी घेतली.