प्राध्यापकाला शिकवायला कोण शिकवतं?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



गणरायासमोर बोलायचं तर विषय विद्येचा हवा, असं चिटणिसांनी बजावलं होतं. म्हणून विद्येच्या घरातलीच एक अडचण घेऊन आलो आहे. आपल्या मंडळातल्या पाचसहा घरांतली मुलं-मुली गेल्या दोनतीन वर्षांत महाविद्यालयांत शिकवायला लागली आहेत. त्यातली काही मागच्या रांगेत बसलेली दिसताहेत. पुढे या, जागा आहे.

तिसरीच्या मुलांना गुणाकार शिकवायचा तर शिक्षकाला डी.एड. लागतं, नववीला बी.एड. लागतं. बी.एस्सी.च्या वर्गाला मात्र नेट किंवा पीएच.डी. पुरते. नेटमध्ये अध्यापनावर थोडे प्रश्न असतात, पण ते परीक्षेत सोडवायचे. पीएच.डी. म्हणजे एका चिंचोळ्या प्रश्नापाशी चार-पाच वर्षं एकट्याने बसणं. मोठी गोष्ट आहे ती, पण ऐंशी मुलांसमोर उभं राहण्याशी तिचा संबंध फारसा येत नाही. मग नवा माणूस काय करतो? आपल्याला ज्यांनी शिकवलं त्यांची नक्कल करतो. ते चांगले असतील तर नशीब.

सरकारला हे कळलेलं नाही असं नाही. 1986च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ठिकठिकाणी अकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली. नवीन अध्यापकांसाठी ओरिएंटेशन, जुन्यांसाठी रिफ्रेशर. पुढे त्यांचं नाव मनुष्यबळ विकास केंद्र झालं आणि 2023पासून मालवीय मिशन. पाट्या बदलल्या, पण एक सवय टिकली. मुलांना नुसतं व्याख्यान देऊ नका, हे तिथे दीड तासाच्या व्याख्यानात सांगतात. (मीही आत्ता तेच करतो आहे, याची जाणीव आहे.) चांगले वक्ते येतात, दुसऱ्या गावचे सहकारी भेटतात, हा लाभ खराच. पण बहुतेकांचं लक्ष पदोन्नतीला लागणाऱ्या प्रमाणपत्रावर असतं. आणि शिकवताना आपल्याला पाहिलं कोणी? परत आल्यावर वर्गात कोणी डोकावलं? सहसा नाही.

गाण्यात असं चालत नाही. आपलं बडोदं फैयाज खाँसाहेबांचं गाव, तुम्हाला मी काय सांगावं. शिष्य तंबोरा घेऊन गुरूच्या मागे बसतो, सूर घसरला तर तिथल्या तिथे डोळे वटारले जातात.

असं पाहण्याची एक रीत याच शहरात घोटली गेली. सूक्ष्म अध्यापन मूळ स्टॅनफर्डचं, 1963च्या सुमाराचं. सत्तरच्या दशकात सयाजीराव विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्राच्या प्रगत अध्ययन केंद्रात बी. के. पासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर पुष्कळ काम केलं. आपल्याकडे रूढ झालेलं वेळापत्रक छत्तीस मिनिटांचं. सहा मिनिटं एकच कौशल्य घेऊन शिकवायचं, म्हणजे फक्त प्रश्न विचारणं किंवा फक्त फळा वापरणं. सहा मिनिटं पाहणाऱ्यांनी सांगायचं. बारा मिनिटांत पाठ पुन्हा जुळवायचा. मग परत सहा मिनिटं शिकवणं, परत सहा मिनिटं सांगणं. बी.एड.ला हे उरकून टाकायचं प्रकरण झालं, ही खंत आहेच. पण ते प्राध्यापकापर्यंत पोहोचलंच नाही, ही त्याहून मोठी.

एकच कौशल्य घेऊन दाखवतो: गप्प राहणं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने वर्गातल्या ध्वनिफिती ऐकून मोजलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतो आणि मग स्वतःच बोलू लागतो. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलं बोलतात. तीन सेकंद मोजून बघा, फार लांब वाटतात.

अर्थात प्रश्नही थांबण्याजोगा हवा. “कळलं का?” हा प्रश्न नव्हे, त्याला ऐंशी मुलं “हो” म्हणतात. मी रसायनशास्त्र शिकवायचो. मोल ही कल्पना सांगून झाली की विचारायचो, अठरा ग्रॅम पाणी आणि चव्वेचाळीस ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, रेणू कशात जास्त? निम्म्याहून अधिक हात चव्वेचाळीसकडे वर जात. दोन्हींत सारखेच, एकेक मोल. ते चुकलेले हात दिसले की पुढची वीस मिनिटं कशावर घालवायची ते कळे. शेजाऱ्याशी वाद घाला म्हटलं की वाद गुजरातीत होई, क्वचित मराठीत. होऊ द्यावा. बारावीपर्यंत गुजराती माध्यमात शिकलेलं मूल इंग्रजी व्याख्यानात बसतं, तेव्हा रसायन अवघड की वाक्य अवघड, हे त्यालाही सांगता येत नाही.

आता खरी टोचणी. पहिल्या वर्षाचे मोठमोठे वर्ग आज बऱ्याच ठिकाणी हंगामी माणसांच्या गळ्यात असतात. अकरा महिन्यांची नेमणूक, कधी तासावर पैसे. अशा मुलीला महिनाभराच्या प्रशिक्षणाला कोण सोडणार? नियमाने बंदी नसली तरी तेवढे तास बुडाले की तेवढे पैसे बुडाले. आणि विभागप्रमुखाला वर्गात बोलवावं, तर पुढच्या नेमणुकीवर सही त्याचीच. ती बोलवणार नाही, आणि तिचं चूक नाही. दोष तिचा नसला तरी तिच्यासमोरच्या ऐंशी मुलांचं ते पहिलंच वर्ष असतं. बरीच मुलं विज्ञान सोडतात ती इथेच.

म्हणून पाहणारा माणूस असा हवा, ज्याच्या हातात तिची नोकरी नाही. तशी माणसं या सभागृहातच आहेत. निवृत्त प्राध्यापक, शाळांचे मुख्याध्यापक, आम्हा सगळ्यांना दुपारी काही काम नसतं. चिटणिसांशी बोललो आहे. विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी दहा वाजता वाचनालयाची खोली मोकळी मिळेल. फळा आहे. शिकवणाऱ्याने कुठलाही विषय, सहा मिनिटांचाच, घेऊन यावा. विद्यार्थी म्हणून आम्ही बसू आणि तिथे झालेलं बोलणं खोलीबाहेर जाणार नाही. नावं आज चिटणिसांकडे द्या. घड्याळ आणि खडू मी आणतो.