भाग १४ : फ्रिजवरचं पाकीट

आजचा विषय कोडिंगचा नाही. आज घराच्या कर्जाबद्दल बोलायचंय, आणि हे माझ्याच घरचं आहे.

आगाशीतला आमचा फ्लॅट माझ्या आणि बाबांच्या नावावर आहे. माझी नोकरी गेली आणि चार हप्ते थकले. एके दिवशी फ्रिजवर, जुन्या पेपरांखाली, बँकेचं रजिस्टर पाकीट सापडलं. न फोडलेलं! बाबा म्हणाले, "तुला टेन्शन नको म्हणून ठेवलं." त्यांच्यावर ओरडलो खरा. पण मीसुद्धा बँकेचे फोन कट करतच होतो की.

ती सरफेसी कायदा, 2002 च्या कलम 13(2) ची नोटीस होती. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए होतं. मग बँक पूर्ण कर्ज मागते आणि 60 दिवस देते. आमचे 19 दिवस फ्रिजवरच गेले.

इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली. 90 दिवस व्हायच्या आत सगळ्यात जुना एक हप्ता जरी भरला, तरी खातं वाचतं. एकदा एनपीए झालं की एका हप्त्याने काही होत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. म्हणून नोकरी गेली की पहिल्याच महिन्यात शाखेत जा. मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. देणं न देणं बँकेच्या हातात, पण मागा, आणि लेखी मागा.

नोटिशीलाही लेखी उत्तर देता येतं. ते बँकेला मान्य नसेल, तर तिला 15 दिवसांत कारणं कळवावी लागतात. घर स्वतः विकून कर्ज फेडायचं असेल तर तेही होतं, फक्त नोटिशीनंतर बँकेची लेखी परवानगी लागते. लिलावापेक्षा भाव बहुतेक वेळा बराच मिळतो. वन टाइम सेटलमेंटही असते, पण सिबिलवर 'सेटल्ड' असा शिक्का बसतो, पुढचं कर्ज अवघड होतं.

बँकेने कलम 13(4) खाली ताबा घेतला, तर 45 दिवसांत डीआरटीत अर्ज करायचा. नुसत्या अर्जाने लिलाव थांबत नाही, स्टे मागावा लागतो. वसईच्या दिवाणी कोर्टात धावून उपयोग नाही, कलम 34 ने तो रस्ता बंद केलाय. आणि पूर्ण पैसे भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच असतो. लिलावाच्या दिवसापर्यंत वेळ आहे असं समजून बसू नका.

हां, वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला आरबीआयची मनाई आहे. आई रात्री साडेनऊला घाबरत फोन उचलायची, तेव्हा हे माहीत असतं तर...

शेवटी आईच्या पाटल्या गहाण ठेवून, 52 व्या दिवशी आम्ही थकबाकी भरली. बँकेने नोटीस मागे घेतली, तसं पत्रही आम्ही मागून घेतलं. आता मला नोकरी आहे, हप्ता जातोय. पाटल्या अजून सुटायच्यात.

तुमच्याकडे अशी नोटीस आली असेल तर तिच्यावरची तारीख मला पाठवा. पुढच्या भागात दिवस कसे मोजायचे ते बघू.