आईच्या खोलीची जमीन

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

गझल लिहिणाऱ्याला ‘जमीन’ हा शब्द नवा नाही. वृत्त, काफिया आणि रदीफ ठरले की गझलेची जमीन ठरते आणि मग तिच्यावर शेर उभे राहतात. तीस वर्षं मी अशा जमिनी शोधत आलो. पण पायाखालच्या जमिनीनं माझी परीक्षा घेतली ती अलीकडे, गेल्या दोन वर्षांत. श्रोतेहो, आज तीच गोष्ट तुम्हांला सांगणार आहे.

आमचं घर रत्नागिरी तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात. घर जांभ्या दगडाचं, जोतं उंच, अंगणातून ओटीवर यायला पाच पायऱ्या. वडिलांनी आपल्या जीपसाठी घराला लागून एक गॅरेज बांधलं होतं. वडील गेले, जीप विकली. मग तिथं नारळ, मोडक्या खुर्च्या आणि माझ्या न खपलेल्या कवितासंग्रहांचे गठ्ठे राहू लागले. पुढे आईनं ऐंशी ओलांडली आणि तिच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपेनाशा झाल्या. गॅरेज अंगणाच्या पातळीवर, मध्ये एकही पायरी नाही. तेव्हा तीच तिची खोली करायचं ठरलं. शटर गेलं, दार आलं. खिडकी पाडली, बाथरूम जोडलं. प्रश्न उरला तो जमिनीचा.

मुलगा दुबईला असतो. तो फोनवर म्हणाला, “अब्बा, लॅमिनेट टाका. लाकडासारखं दिसतं, दादीच्या पायाला गार लागणार नाही आणि दोन दिवसांत काम होतं.” मलाही मोह पडला. जुना सिमेंटचा कोबा तसाच ठेवायचा, त्यावर पातळ फोम अंथरायचा आणि पट्ट्या एकमेकींत अडकवत जायच्या. आमचे गवंडी, ज्यांना सगळा गाव मेस्त्री म्हणतो, ते तेवढं म्हणाले, “भाई, एक पावसाळा जाऊ द्या. जमीन काय बोलते ते ऐकू.” ईद तोंडावर आली होती. मी ऐकलं नाही.

मे अखेरपर्यंत खोली देखणी होती. येणारा-जाणारा नाव काढत होता. पण रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैत पट्ट्यांच्या कडा फुगू लागल्या. लॅमिनेटचं वरचं कवच टणक असलं तरी आत दाबून बसवलेला लाकडाचा लगदाच असतो. ओल लागली की तो फुगतो आणि मग वाळला तरी पूर्ववत होत नाही.

एका पहाटे आई वजू करून बाथरूममधून येत होती. फुगलेल्या कडेला तिचा अंगठा अडकला. पलंगाचा कठडा हाताशी आला म्हणून वाचली. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं, हे आपल्यापैकी अनेकांनी आपल्या घरात पाहिलं आहे. आई मला एका शब्दानं बोलली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून ती भिंत धरून चालू लागली. ते मला जास्त लागलं.

मेस्त्री आले. त्यांनी पट्ट्या उचलल्या, कोबा पुसून घेतला आणि प्लॅस्टिकचा हातभर चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीनं जमिनीवर बसवला. म्हणाले, “सकाळी बघू. वर पाणी दिसलं तर ते हवेतलं, खाली दिसलं तर जमिनीतलं.” सकाळी प्लॅस्टिकच्या खालच्या अंगाला थेंब दाटले होते. दिव्याची वात तेल ओढते तसा कोबा खालची ओल वर ओढत होता. कोपऱ्यात भिंतीला पांढरा लोणा लागला होता. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. शिवाय जीप धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून जमिनीला दाराकडे उतार होता आणि मध्ये तेलाचे जुने डाग. त्यावर नवा माल नीट धरला नसता. थोडक्यात, ती जमीन गाडीसाठी केलेली होती, माणसासाठी नाही.

पावसाळा सरेपर्यंत आम्ही थांबलो. तोवर आईला दोघांनी धरून पुन्हा वर माजघरात नेलं. दिवाळीनंतर कोबा फोडला. दगडांचं सोलिंग, त्यावर काँक्रीट, त्यावर 250 मायक्रॉनचं जाड प्लॅस्टिक. जोडाशी ते सहा इंच एकावर एक घेतलं आणि कडांना भिंतीलगत वर वळवलं. त्यावर पुन्हा काँक्रीट. वाळू खाडीची घेतली असती तर स्वस्त पडली असती, पण मेस्त्री ऐकेनात. खाऱ्या वाळूतलं मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. अंगणातलं पाणी आत येऊ नये म्हणून खोली चार इंच उचलली. मात्र पायरी केली नाही. एका इंचाला एक फूट या हिशेबानं चार फुटांचा खरबरीत उतार केला.

वर काय घालायचं? दुकानदार चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स दाखवत होता. त्या पाणी जवळजवळ पीतच नाहीत, ही गोष्ट खरी. पण ओल्या पायाचं काय? आई म्हणाली, “आरशासारखी नको रे. मला जमिनीत तोंड बघायचं नाही.” तेव्हा मेस्त्रींनी टाइल, शहाबादी आणि कोटा यांचे तुकडे अंगणात मांडले आणि त्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. माझा हात धरून आई त्यांवरून अनवाणी चालली. कोट्यावर थांबली. “ही माझ्या पायाला कळते,” म्हणाली.

मग राजस्थानातला हिरवट-निळसर कोटा आला, आरशासारखं पॉलिश न केलेला. त्याचेही हट्ट आहेत. तो चुनखडीचा दगड, त्यामुळे लिंबू किंवा कोकम सांडलं तर लगेच पुसावं लागतं, नाहीतर डाग पडतो. पावसाच्या तोंडावर दमट हवा गार दगडाला लागली की त्यालाही घाम येतो. पण खिडकी उघडून पंखा लावला की तो घाम वाळतो. खालून येणारी ओल पंख्यानं जात नाही. मी आधी जमीन वरून पाहिली होती, तिच्या खाली काय आहे आणि तिच्यावरून कोण चालणार आहे, हे विचारलंच नव्हतं. गझलेची जमीन निवडताना मी एवढी घाई कधी केली नसती.

त्यानंतरचा पावसाळा आला आणि गेला. कोपऱ्यात लोणा नाही. आई गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसूनच नमाज पढते, पण तळवे दगडावर टेकलेले असतात.

मुलानं परवा फोनवर विचारलं, “अब्बा, दिसायला कशी झालीय?”

मी म्हटलं, “दिसायला साधीच आहे. पण तुझी दादी आता भिंत धरत नाही.”