मालवणची बोट

मघापासून बक्षिसांच्या टेबलाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या बालमित्रांनो,

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरातल्या चार पिढ्या मालवणला जाऊन आल्या. ऐंशी ओलांडलेली माझी आई, आम्ही दोघं, मुलगी-जावई आणि सातवीतला नातू. सहल छानच झाली. पण आज सांगायचं आहे ते सहलीहून परत आल्यावर घरात जे घडलं त्याबद्दल.

जाताना कोकण रेल्वेने गेलो. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो आणि रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल. नातू खिडकी सोडायला तयार नव्हता. हा सगळा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला, तेव्हा माझ्या आईने पन्नाशी ओलांडली होती. तिचं लहानपण मालवण-मुंबई बोटीच्या प्रवासात गेलेलं.

मालवणला बाकी मंडळी होडीने सिंधुदुर्ग पाहायला गेली. शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला हा किल्ला. चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यात उमटलेला ठसा तिथे आहे, तो प्रत्येकाने एकदा पाहावाच. आईला होडीत चढणं जमणार नव्हतं, म्हणून मी तिच्याजवळ धक्क्यावर थांबलो. एका होडीवाल्याने सहज विचारलं, "आजी, तुमी खयचे?" आई म्हणाली, "मी हयचीच रे." तिच्या तोंडून मालवणी ऐकून मला किती वर्षं झाली होती! मग ती बराच वेळ समुद्राकडे पाहत बसली.

घरी परतल्यावर एका रात्री सगळे फोटो बघत बसलो. धक्क्यावरचा तो फोटो आला आणि नातवाने विचारलं, "पणजी, तू एवढं काय बघत होतीस?"

"बोट उभी राहायची ती जागा," आई म्हणाली.

आणि मग ती बोलत राहिली. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट बंदरं घेत घेत यायची. मालवणला खडकांमुळे बाहेरच थांबायची आणि माणसं उतरवून घ्यायला पडाव, म्हणजे होड्या, तिच्या अंगाला लागायचे. लाटेवर पडाव वर आला की खलाशी मुलांना हातावर झेलायचे. पावसाळ्यात बोटी बंद. मग कोल्हापूरला जायचं आणि तिथून एसटीने घाट उतरायचा. नातू नकाशाचं पुस्तक घेऊन आला. आईने त्यावर बोटाने रस्ता दाखवला.

तिने 'रामदास' बोटीचंही नाव घेतलं. नातवाने दुसऱ्या दिवशी शोधून वाचून दाखवलं : १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसकडे निघालेली बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. आई तेव्हा पाच वर्षांची. ती म्हणाली, "त्यानंतर माझी आजी आम्हाला बोटीत बसवायच्या आधी दर्याला नारळ द्यायची, आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत धक्क्यावरून हलायची नाही." सन आणि आकडा नातवाला सापडला. नारळ कुठल्याच पुस्तकात नव्हता, तो फक्त आईजवळ होता.

मुलांनो, मला हीच गोष्ट फार मोलाची वाटते. हल्ली सहलीत ठिकाणांची यादी संपवायची घाई असते, आणि म्हातारी माणसं गाडीत बसून राहतात. गुडघे दुखतात हे खरंच आहे. पण त्यांनी पाहिलेलं मालवण, त्यांनी पाहिलेलं पंढरपूर, त्यांनी पाहिलेली मुंबई तुम्हाला तिकीट काढून मिळणार नाही. गावी गेल्यावर ते सगळं त्यांच्या आत जागं होतं, आणि घरी शांतपणे विचारलं की बाहेर येतं. विचारायला उशीर करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझ्या वडिलांना विचारायचं असं बरंच होतं, आणि ते आता नाहीत.

इथे बसलेल्या सगळ्यांचं गाव कोकणात नाही, हे मला ठाऊक आहे. कुणाचे आजोबा ऊसतोडीला बैलगाडीने गेले असतील, कुणाची आजी गिरणीत कामाला लागलेल्या नवऱ्यामागे मुंबईत आली असेल, कुणाचं गाव धरणाखाली गेलं असेल. तो प्रवासही तितकाच लिहिण्याजोगा आहे.

मुख्याध्यापकांशी माझं बोलणं झालं आहे. पुढच्या वार्षिक अंकात 'आजी-आजोबांचा रस्ता' असा विभाग राहील. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा : गावाला कसे जात होतात, सोबत काय बांधून नेत होतात, भीती कशाची वाटायची? त्यांच्याच शब्दांत लिहा, त्यांची बोली सुधारू नका. जूनमध्ये शाळा उघडली की वही वर्गशिक्षकांकडे द्या. त्या पानांच्या छपाईचा खर्च मी देईन, आणि नातवाची वही सगळ्यात आधी माझ्याकडून येईल.

चला, आता बक्षिसं घ्यायला या.