गाणारा वनराज

रात्री दहा वाजता ओटा आवरून 'अनुपमा' लावणाऱ्या आपल्यात खूप जणी आहेत. काही जणी मराठीतली 'आई कुठे काय करते' बघायच्या. दोन्ही मालिका 'श्रीमोयी' या एकाच बंगाली मालिकेवरून निघालेल्या. आपला अनिरुद्ध तोच हिंदीतला वनराज. या वनराजच्या नावानं आपण किती बोटं मोडली! ते काम करणारे सुधांशू पांडे एके काळी गटात होते, म्हणून आज त्यांच्याबद्दल बोलते. गट बचतीचा नव्हता, गाण्याचा होता.

2001 च्या सुमारास मुंबईत पाच तरुणांचा 'अ बँड ऑफ बॉईज' तयार झाला. आपल्या भजनी मंडळात एक बुवा पुढे आणि बाकीचे टाळ धरून मागे. इथे पाचही जण पुढेच, सगळे गाणार, सगळे नाचणार. आशा भोसले यांचा नातू चैतन्य त्यात होता. व्हायोलिनवादक अमर हळदीपूर यांचा मुलगा सिद्धार्थ होता. शिवाय करण ओबेरॉय, शेरिन वर्गीस आणि सुधांशू. 2002 मध्ये 'ये भी वो भी' हा अल्बम आला, 'गोरी' हे गाणं गाजलं. 2004 मध्ये पाचही जणांना घेऊन 'किस किस को' चित्रपट निघाला. तो काही चालला नाही.

पुढे सुधांशूंनी अभिनयासाठी बँड सोडला. अभिनय त्यांना नवा नव्हता, 2000 सालच्या 'खिलाडी 420' मध्ये ते होतेच. पण गाण्यात नाव झालं म्हणून सिनेमात कुणी मोठी भूमिका हातात ठेवत नाही. 2011 चा 'सिंघम' आठवा. खोट्या आरोपानं खचून सुरुवातीलाच जीव देणारे इन्स्पेक्टर कदम, ते हेच. त्यांच्यामागे लढणारी बायको, म्हणजे सोनाली कुलकर्णी, आपल्या लक्षात राहिली. कदम नाही राहिले. अशी कामं करत करत 2020 उजाडलं. 'अनुपमा' सुरू झाली तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी पार केली होती. देखण्या गायकाच्या वाट्याला आला तो बायकोला फसवणारा नवरा, आणि त्यांनी तो असा केला की घराघरात लोक चिडले. मला तरी हे नायक होण्यापेक्षा अवघड वाटतं.

आता आपल्याकडचं. पापडाच्या गटातली एखादी म्हणते, "ताई, मला स्वतःची गिरणी टाकायची आहे, मी गटातून निघते." लगेच कुजबुज सुरू होते: मोठी झाली, गट विसरली. अहो, तिनं पाच वर्षं हप्ता भरला, बँकेत बोलायला शिकली, ते कशासाठी? फक्त तिच्यावर गटाचं कर्ज असेल तर आधी ते फिटलं पाहिजे. मग तिची बचत आणि व्याज हिशोब करून हातात द्यायचं, बैठकीच्या वहीत सगळ्यांसमोर लिहायचं, सह्या घ्यायच्या. आणि दळण तिच्याच गिरणीत टाकायचं!

सुधांशूंनीही 2024 च्या ऑगस्टमध्ये, चार वर्षांनी, 'अनुपमा' सोडल्याचं जाहीर केलं. मालिका त्यांच्यावाचून चालू राहिली.

येत्या बैठकीत हिशोब झाला की कुणाच्या तरी मोबाईलवर 'गोरी' लावा. पाच पोरांतला वनराज कोणता, ते आधी कोण ओळखतं बघू.